अनुभव धागा : परदेशातल्या वर्गासाठी इंग्लिश खाऊ

रेडिंगमध्ये आठ वर्षं काढून आम्ही गेल्या उन्हाळ्यात श्टुटगार्टला आलो. लेक तिसरीत आहे. तिच्या वर्गात दर महिन्याला एक मूल आपल्याकडचा खाऊ आणतं. मी बेसनाचे लाडू वळायच्या तयारीत होते, तर ती म्हणाली, "आई, लाडू दिवाळीला नेऊ. माझी आधीची शाळा इंग्लंडमध्ये होती ना, मग मी तिथलंच नेणार." तिला त्या शाळेची किती आठवण येते, हे मला त्या दिवशी नीट कळलं. म्हणून हा धागा. इंग्लंडात राहून पुढे दुसरीकडे गेलेल्यांनी मुलांच्या वर्गासाठी काय केलं, काय फसलं, ते प्रमाणासकट लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. आम्ही फ्लॅपजॅक केले. अमेरिकेत या नावाने पॅनकेक मिळतो; इंग्लंडमध्ये ही ओट्सची वडी. २५० ग्रॅम ओट्स, १२५ ग्रॅम बटर, १२५ ग्रॅम ब्राउन शुगर, ३ मोठे चमचे गोल्डन सिरप (साखरेचा घट्ट सोनेरी पाक). ओट्स सोडून बाकी सगळं मंद आचेवर विरघळवायचं, मग ओट्स कालवून ट्रेमध्ये थापायचं आणि १८० अंशांवर २०-२५ मिनिटं भाजायचं. अडलं ते सिरपपाशी. लायल्सचा तो हिरवा-सोनेरी डबा इथल्या आमच्या दुकानात नाही. मी बीटाचा काळा पाक घातला, तो काकवीहून उग्र निघाला आणि अख्खा ट्रे कडवट झाला. दुसऱ्या वेळी निम्मा पाक, निम्मा मध घेतला, तेव्हा चव जागेवर आली. वड्यांच्या रेघा गरम असतानाच मारा, पण उचला पूर्ण गार झाल्यावर. घाई केली की भुगा होतो.

*

मस्कतहून लिहितेय. आधी सहा वर्षं डेव्हनमधल्या एक्सेटरला होतो, त्यामुळे स्कोन्सशिवाय (क्रीम-जॅम लावून खायचे छोटे फुगीर बन) दुसरं काही मनात आलंच नाही. वर्गात ओव्हन होता, म्हणून मुलांकडूनच करून घेतले. ४५० ग्रॅम मैदा, ६ चहाचे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, ११० ग्रॅम थंडगार बटर, ५० ग्रॅम साखर, साधारण ३०० मिली दूध. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळतो तसं बटर बोटांच्या टोकांनी चोळायचं, फक्त ते वितळू द्यायचं नाही. दूध घातल्यावर मळायचं तर अजिबात नाही, जेमतेम गोळा करायचा. जाडी बोटभर तरी हवी. आणि साचा सरळ खाली दाबायचा, फिरवायचा नाही. फिरवला की कड चिकटते आणि स्कोन एका बाजूला कलतो. एका मुलाने मला न सांगता प्रत्येक साचा आधी पिठात बुडवला. ओव्हन २२० अंशांवर होता. काचेसमोर उकिडवा बसून तो बारा मिनिटं आपला स्कोन कोणता ते बघत होता. सरळ उभा फुगला!

क्लॉटेड क्रीम म्हणजे तासन्‌तास मंद तापवून वर धरलेली जाड साय. सायीवर वाढलेल्या माणसाला पहिल्या घासाला ओळख पटते. इथे किश्ताचे (अरबी घट्ट सायीचे) डबे मिळतात, त्यावर काम छान भागलं. डेव्हनमध्ये आधी क्रीम आणि वर जॅम, शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम आणि वर क्रीम, हे सांगितल्यावर वर्गात दोन तट पडले. प्रत्येकाला दोन्ही प्रकार चाखायचे होते, म्हणून माणशी दोन अर्धुकं धरून चला.

*

आम्ही लेस्टरहून पुण्याला परत आलो. वर्गात ४८ मुलं, आणि घरी तेव्हा ओव्हन नव्हता. मी कोकोनट आइस केलं. २५० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, २५० ग्रॅम आयसिंग शुगर, २०० ग्रॅम सुकं बारीक खोबरं. अर्ध्याला गुलाबी रंग, अर्धं पांढरं, एकावर एक थापून रात्रभर ठेवायचं. गॅस पेटवावा लागत नाही. दोन पट केलं तरी तुकडे लहान कापावे लागले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर आपली खोबऱ्याची वडी." खरंच आहे ते. वर्गात मुलाने दोन्ही वड्या शेजारी मांडल्या आणि एक शिजवलेली, एक न शिजवलेली असं समजावून सांगितलं.

*

आइंदहोवन, नेदरलँड्स. लीड्सच्या सवयीने ५ नोव्हेंबरला पार्किन हा सुंठीचा केक नेला. १६०५ साली इंग्लंडच्या राजाला पार्लमेंटसकट उडवून द्यायचा कट उघडकीला आला, त्याची ती रात्र. होळीसारख्या शेकोट्या पेटतात आणि यॉर्कशरमध्ये पार्किन खातात: ओट्सचं पीठ, काळी ट्रीकल (काकवीसारखा पाक), भरपूर सुंठ. माझी चूक ही की आदल्या रात्री भाजून सकाळी नेलं. कोरडं लागलं, मुलांनी निम्मं परत ठेवलं. घरी उरलेलं चार दिवसांनी डब्यातून काढलं तर मऊ, चिकट, अप्रतिम! पार्किन मुरावंच लागतं. पुढच्या वर्षी ३१ ऑक्टोबरलाच भाजून ठेवलं. इथल्या मुलांना ओंटबाइटकूक हा मसाल्याचा डच केक रोजचा असल्यामुळे त्यांनी ते लगेच आपलंसं केलं.

*

ओसाकाला पॅनकेक डे केला. ॲश वेन्सडेपासून ईस्टरपर्यंतचा उपास सुरू व्हायच्या आत घरातली अंडी, लोणी संपवायचा तो मंगळवार. पॅनकेक पातळ, आपल्या धिरड्यासारखे. वर लिंबू आणि साखर, बाकी काही नको. १०० ग्रॅम मैदा, २ अंडी, ३०० मिली दूध. २४ मुलांना याच्या तिप्पट केलं. इथे घरोघरी असते तशी विजेची हॉटप्लेट नेली, ओव्हन लागला नाही. इंग्लंडमधल्या ओल्नी गावात बायका तवा घेऊन पॅनकेक उडवत धावतात, ही शर्यत १४४५ पासूनची असल्याचं तिथे सांगतात. मुलांनी मैदानात कागदी ताटल्या घेऊन ती धावून पाहिली. खाण्यापेक्षा त्यांना तेच जास्त लक्षात राहिलंय.

*

टोरोंटो, आधी बर्मिंगहॅम. कृपा करून आधी बाईंना ॲलर्जी विचारा. आमच्या शाळेत शेंगदाणे आणि इतर सुक्यामेव्याला बंदी आहे, शिवाय वर्गातल्या एका मुलाला अंडं चालत नाही. दर वाढदिवसाला तो आपला वेगळा डबा काढून बसायचा. मी जॅम टार्ट आणि कस्टर्ड नेलं. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या केमिस्टने १८३७ साली बिनअंड्याचं कस्टर्ड केलं ते बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून. आपण फ्रूट कस्टर्डला वापरतो तीच ही पावडर. टार्टसाठी २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बटर, २-३ चमचे गार पाणी. जॅम एकच लहान चमचा घाला. जास्त घातला तर उकळून बाहेर येतो आणि साच्याला चिकटून बसतो. २०० अंशांवर पंधरा मिनिटं.

मी सगळ्या पाकिटांवरची यादी छापून बाईंना दिली होती. त्या मुलाने टार्ट खाल्ला आणि कस्टर्डचे दोन कप संपवले. संध्याकाळी त्याच्या आईचा मेसेज आला: पावडरीच्या डब्याचा पुढून आणि मागून फोटो पाठवाल का?