दोरफेकीचा घोडा गावातच घेताना

टेक्सासमध्ये दोरफेकीचा घोडा, म्हणजे दोन स्वारांनी पळत्या गोऱ्ह्याला दोराने पकडण्याच्या स्पर्धेचा घोडा, ओळखीच्या स्थानिक विक्रेत्याकडूनच घ्यावा, असा सल्ला दिला जातो आणि तो मला पटतो, कारण तो घोडा प्रत्यक्ष स्पर्धेत पुन्हा पुन्हा पाहता येतो. मात्र अंगणात चार फेऱ्या मारून सौदा पक्का करू नये. गोऱ्हा सुटण्याआधी घोडा चौकटीत, म्हणजे स्वार सुरुवातीला थांबतो त्या कुंपणाच्या जागेत, शांत उभा राहतो की मान उडवत नाचू लागतो, हे नवख्या स्वाराच्या दृष्टीने वेगापेक्षा महत्त्वाचे आहे. शिंगांवर दोर टाकणाऱ्याचा घोडा गोऱ्ह्याला डावीकडे ओढून नेतो आणि मागच्या पायांना फास घालणाऱ्याचा घोडा झटकन थांबतो, त्यामुळे एका कामात मुरलेला घोडा दुसऱ्या कामाला चालेलच असे नाही. पुढच्या खुरांच्या एक्स-रेबरोबर रक्ततपासणीही आपल्याच पशुवैद्याकडून करून घ्यावी, कारण वेदनाशामक दिलेला लंगडा घोडा सौद्याच्या दिवशी (नेमका त्याच दिवशी!) उत्तम धावतो.