'खार' म्हणजे मीठ की तिखट?

शहापूर, बेळगाव:
आमच्या वहिनी सातारकडच्या. लग्न होऊन आल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी बिसीबेळे भात करायला घेतला. पाकिटावरची कृती कानडीत. दादा दारात उभा राहून नुसती वाचत होता, अर्थ सांगायचा त्याला कंटाळा. 'उप्पु एक चमचा.' उप्पु म्हणजे मीठ, हे वहिनींना एव्हाना कळलं होतं. पुढे आलं, 'खार दोन चमचे.' वहिनींनी आणखी दोन चमचे मीठ ढकललं. मीठ दोनदा कसं, असं मनात आलं होतं म्हणे, पण नव्या घरात विचारायचं कुणाला? त्या रात्री आम्ही फ्रिजमधला कुंदा खाऊन झोपलो.

तर कानडी 'खार' म्हणजे तिखट. आपल्याकडच्या बेकरीतला खारा बन घ्या, खारट नसतो, मिरची-कांदा घातलेला असतो. मूळ दोन्हीकडे एकच, संस्कृत 'क्षार'. मराठीनं त्यातला खारटपणा घेतला, कानडीनं चरचरणं. मराठीत कुणावर 'खार खाणं' म्हणतात त्यात ती जुनी जळजळ थोडी उरली असावी, हा आपला माझा तर्क. अशा आणखी जोड्या कुणाला माहीत आहेत का?

निपाणी:
आहेत की. 'निधान' घ्या. मराठीत निधान म्हणजे ठेवा, करुणानिधान वगैरे. कानडीत निधान म्हणजे हळू, सावकाश. कोल्हापूरहून आलेली आमची आत्या बसमधून उतरत होती. कंडक्टर बिचारा काळजीनं म्हणाला, "निधान इळीरी, अज्जी." आत्या पायरीवरच थबकली. "कुणाचं निधन झालं रे?"

'अवसर' तर त्याहून भारी. कानडीत त्याचा अर्थ घाई. 2024 मध्ये कोडगूतल्या एका रस्त्यावरच्या पाटीचा फोटो सगळीकडे फिरला होता, आठवतंय? वर कानडीत 'अवसरवे अपघातक्के कारण', म्हणजे घाई हेच अपघाताचं कारण. खाली इंग्रजीत 'अर्जंट मेक अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट'. तातडीने अपघात करा! आपल्या एखाद्या भाषांतरकाराच्या हाती ती पाटी पडली असती तर त्यानं 'संधी हेच अपघाताचं कारण' असं छापलं असतं.

खानापूर:
शब्दांचं सोडा, आमच्या मामांनी रंगाचा चुकीचा अर्थ लावला. भातावर मारायचं औषध आणलं. (मराठीत तापाची गोळीही औषध आणि किडीवरचं विषही औषध, हा गोंधळ वेगळाच.) बाटलीवर चौकोन, त्याच्या खालच्या अर्ध्यात हिरवा त्रिकोण. मामा म्हणाले, "हिरवं आहे, म्हणजे सौम्य. झाडपाल्याचं असणार." फरसाणाच्या पाकिटावरचा शाकाहाराचा हिरवा ठिपका डोक्यात बसलेला. तोंडाला फडकंसुद्धा न बांधता फवारलं आणि दोन दिवस डोळे चोळत बसले.

1971 च्या कीटकनाशक नियमांतले ते चार रंग विषाच्या पायऱ्या दाखवतात: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा शेवटच्या पायरीवर आहे, पण आहे विषाच्याच जिन्यावर. हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका, हे सगळं सोबतच्या घडीच्या कागदावर होतं. अक्षर मुंगीएवढं, हे मान्य. पण मामांनी तो कागद उघडलाच नव्हता. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला होता.

शहापूर, बेळगाव:
मामांना सांगा, आमच्या दादाच्या पंगतीला बसा.

यादीत 'अनुमान'ही घाला. कानडीत अनुमान म्हणजे शंका, मराठीत तर्क. वहिनींना त्या दिवशी कानडी अनुमान आलं होतं, पण त्यांनी मराठी अनुमान केलं. आता त्या दादापेक्षा भरभर कानडी वाचतात. तरी 'खार' आलं की चमचा हातात धरून स्वयंपाकघरातून ओरडतात, "पांढरं की लाल?"