'दमनकारी प्रथिन' नेमके कशाचे दमन करते?

प्रश्न – नौपाडा, ठाणे

कर्करोगाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मी माहितीपत्रके मराठीत आणते. 'ट्रान्सक्रिप्शनल रिप्रेसर' या संज्ञेसाठी मी आजवर 'दमनकारी प्रथिन' असे लिहीत आले. गेल्या आठवड्यात शेजारच्या मावशींनी यजमानांच्या लसिकाग्रंथीच्या गाठीचा तपासणी अहवाल माझ्यापुढे ठेवला. त्यात 'बीसीएल-६ पॉझिटिव्ह' असे होते. माझ्याच पत्रकातल्या ओळीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे दमन करणारं प्रथिन आहे ना? मग ते सापडलं हे बरंच झालं की." माझ्या शब्दाने त्यांची दिशाभूल केली, ही गोष्ट मनातून जात नाही. दुसरा कोणता शब्द वापरावा? आणि 'ट्रान्सक्रिप्शन'साठीचा, म्हणजे जनुकाची नक्कल निघण्यासाठीचा, 'प्रतिलेखन' हा शब्द जड वाटत असेल तर 'उतारा' चालेल का?

उत्तर – खारघर

ताई, 'दमन करणे' हे क्रियापद सकर्मक आहे आणि आपल्या वाक्यात त्याचे कर्म गळले आहे. कर्म गळले की वाचणारा जवळचे कर्म भरतो, आणि कर्करोगाच्या पत्रकात सर्वांत जवळचे कर्म कर्करोग हेच असते. त्यात भर अशी, की 'रिप्रेसर' म्हणजे जनुकाची नक्कल निघू न देणारा आणि 'ट्यूमर सप्रेसर' म्हणजे गाठ होऊ न देणारा, या दोन वेगळ्या संज्ञांना आपण मराठीत एकच 'दमन' लावतो.

तीन प्रथिने शेजारी ठेवली तर हा घोळ लगेच दिसतो. पहिले आरबी. पेशी स्वस्थ असताना ते ई-टू-एफ या प्रथिनाला धरून ठेवते आणि विभाजनाला लागणाऱ्या जनुकांचे प्रतिलेखन थांबवते; वाढीचा संदेश आला की सीडीके-४ व सीडीके-६ ही विकरे आरबीवर फॉस्फेट चढवतात, त्याची पकड सुटते आणि पेशी डीएनए दुप्पट करायला लागते. तेराव्या गुणसूत्रावरच्या या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या, की लहान मुलांच्या डोळ्यातील पडद्याचा कर्करोग होऊ शकतो. दोन आघातांचा हा विचार अमेरिकी संशोधक आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये मांडला आणि जनुक १९८६ मध्ये हाती लागले. म्हणजे आरबी रिप्रेसरही आहे आणि सप्रेसरही.

दुसरे पी-५३. ते मुख्यतः जनुकांचे प्रतिलेखन सुरू करून देते, आणि तरीही गाठीला आवर घालणारे म्हणूनच ते प्रसिद्ध आहे.

तिसरे मावशींच्या अहवालातले बीसीएल-६. लसिकाग्रंथींच्या जननकेंद्रांत, म्हणजे बी-पेशी जिथे झपाट्याने वाढतात त्या भागांत, या प्रतिकारक पांढऱ्या पेशी प्रतिपिंडांची जनुके मुद्दाम बदलत असतात, त्यामुळे त्यांच्या डीएनएची मोडतोड होते. अशा वेळी पेशीने घाबरून थांबू नये म्हणून बीसीएल-६ काही काळ पी-५३च्या जनुकाचेच प्रतिलेखन दाबून धरते. काम झाले की ते ओसरायला हवे. तिसऱ्या गुणसूत्राचा तुकडा भलतीकडे जोडला गेल्याने ते ओसरलेच नाही, तर लगाम सुटलेली पेशी वाढत राहते आणि लिम्फोमाची, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगाची, वाट मोकळी होते. इथे रिप्रेसर आहे, पण तो लगामालाच दाबतो.

काचपट्टीवर हे डोळ्यांनी दिसते: रंजन केल्यावर बीसीएल-६ असलेल्या पेशींची केंद्रके तपकिरी होतात, बाकीची निळसर राहतात. एवढ्यावरून त्या पेशी जननकेंद्रातल्या वळणाच्या आहेत असा अंदाज बांधला जातो. 'पॉझिटिव्ह' हा शब्द इथे बरे किंवा वाईट, काहीच सांगत नाही. बाकीच्या खुणांबरोबर त्याचा अर्थ डॉक्टर लावतील, हे मावशींना जरूर सांगावे.

आता 'उतारा'. सातबारा ज्याने काढला आहे त्याला मूळ नोंद जागेवर राहते आणि हातात नक्कल येते हे वेगळे सांगावे लागत नाही, त्यामुळे समजावताना हा शब्द मला फार आवडतो. पण विषावरचा उतारा आपल्या भाषेत तितकाच रुळलेला आहे, आणि आजारी माणसाच्या घरात 'उतारा रोखणारे प्रथिन' म्हणजे औषध लागू पडू न देणारे प्रथिन असा अर्थ निघेल. संज्ञा 'प्रतिलेखन'च ठेवावी, उतारा उदाहरणात यावा. दमनाऐवजी मी 'प्रतिलेखन-रोधक' सुचवेन. 'प्रतिबंधक' नको, लसीमुळे तो रोग टाळण्याशी पक्का जोडला गेला आहे.

पुरवणी – ऐरोली

'रोधक' मान्य, पण त्याचा 'प्रतिरोध'शी गोंधळ होऊ देऊ नये. औषधाला दाद न देणाऱ्या पेशींना आपण 'औषध-प्रतिरोधी' म्हणतो. शिवाय सीडीके-४ व सीडीके-६ यांना अडवणाऱ्या पाल्बोसिक्लिबसारख्या गोळ्यांना पत्रकांत 'अवरोधक' म्हटलेले असते. म्हणून 'रोधक' कधीही एकटा लिहू नये. मागे 'प्रतिलेखन' असावेच.

प्रश्नकर्तीकडून

आपणा दोघांचे मनापासून आभार. पत्रकातली ओळ आता अशी केली आहे: "बीसीएल-६ हे प्रतिलेखन-रोधक प्रथिन आहे, ते काही जनुकांची नक्कल निघू देत नाही, आणि त्यांत पेशीची वाढ आवरणारी जनुकेही असतात." काल संध्याकाळी मावशींना ती वाचून दाखवली. त्यांनी 'आवरणारी'खाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि कागद अहवालाच्या फाइलमध्ये ठेवला.