मॅनेजर गेममध्ये आपली नोकरी धोक्यात राहावी म्हणून घरचे नियम काय लावता?

हर्णैचा_कोच

मंडळी, प्रश्न ‘फुटबॉल मॅनेजर’ या कॉम्प्युटर गेमचा आहे (त्यात आपण क्लबचे मॅनेजर होतो), पण दुसरे मॅनेजर गेम खेळणाऱ्यांनीही बोला.

माझा ग्रिम्सबी टाउन या इंग्लिश क्लबचा सेव्ह (म्हणजे जपून ठेवलेला डाव) चालू आहे. क्लब निवडला तो मासळीचं बंदर म्हणून. त्यांचे पाठीराखे मॅचला फुगवलेले हॅडॉक मासे नाचवतात, आणि त्यांचं मैदान ग्रिम्सबीत नाहीच, शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे. हर्णैच्या माणसाला आणखी काय पाहिजे? (हो, २०२५ च्या ऑगस्टमध्ये लीग कपात मँचेस्टर युनायटेडला पेनल्टीवर १२-११ ने घरी पाठवलं तोच क्लब.)

लीग टूमधून (इंग्लंडची चौथी पायरी) वर येत येत आता चॅम्पियनशिपमध्ये (दुसरी पायरी) आहे, आणि इथेच मजा गेली. बोर्ड माझ्या प्रेमात पडलंय. ओळीने मॅच हरलो तरी कोणी हूं की चूं करत नाही. लीग टूमध्ये एकदा मालकाने बोलावून पुढच्या पाच सामन्यांत अमुक गुण आण म्हणून दम दिला होता. तेव्हा ८८व्या मिनिटाला ०-० असताना कॉर्नर मिळाला की माझे हात थंड पडायचे. त्यात लाइट गेली तर महावितरणच्या नावाने शंख. आता लाइट गेली की मी शांतपणे जेवायला बसतो.

म्हणून हकालपट्टीचा नियम आपणच लावावा म्हणतोय. ‘रेलिगेट झालो, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललो गेलो, तर राजीनामा’ हे करून बघितलं. पण तो फैसला मे महिन्यात. ऑगस्ट ते मार्च कसली भीती? आणि खरं सांगतो, अकादमीतून आलेला एक सोळा वर्षांचा लेफ्ट बॅक आहे, त्याला सोडून जायचं जिवावर येतं. नियम असा हवा की मला पळवाटच राहू नये.

कवडीचुंबक

कोचसाहेब, नियम सीझन सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहा. लॅपटॉपवर नको, तिथे खोडता येतं.

गेममधल्या सीझन प्रिव्ह्यूमध्ये मीडिया आपल्याला कितव्या नंबरवर धरतंय ते टिपून ठेवायचं. टेबलातली जागा एकटी काही सांगत नाही. पहिल्या दोनात धरलेला संघ नववा असेल तर ओरड व्हायलाच हवी, आणि विसाव्या नंबरवर धरलेला नववा आला तर मिरवणूक.

दुसरं, तपासणी रोज नको. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी लीग थांबते तेव्हाच करा: सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, मार्च. खरे क्लबही बऱ्याचदा हीच वेळ साधतात, कारण नवा माणूस बघायला आणि त्याला संघ ओळखायला दोन आठवडे मोकळे मिळतात.

तिसरं, नशीब. मी सारीपाटाच्या चार कवड्या वापरतो. अंदाजापेक्षा सहा जागा खाली असलो तर एकदा टाकायच्या. चारही उताण्या पडल्या तर सामान बांधायचं. दहा जागा खाली असलो तर तीन उताण्याही पुरे. नाणी घेतली तर पहिल्याची शक्यता सोळात एक आणि दुसऱ्याची सोळात पाच. कवडी नाण्यासारखी समसमान पडत नाही, तेव्हा आधी भरपूर वेळा टाकून तिचा स्वभाव बघून घ्या. पाट नसेल तर नाणी चालतील, पण कवड्यांचा आवाज वेगळा.

चषक जिंकला तर एक माफी, पण ती वर्षभरच. मॅनेजर रानिएरीने २०१६ मध्ये लेस्टरला प्रीमियर लीग जिंकून दिली आणि २०१७ च्या फेब्रुवारीत त्याला काढलं. दि मातेओने चेल्सीला मे २०१२ मध्ये चॅम्पियन्स लीग दिली, नोव्हेंबरमध्ये तो घरी. उलट फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडला आला आणि त्याचा पहिला चषक १९९० चा एफए कप. एवढी कळ सोसणारा मालक हवा असेल तर तसं आधी लिहून ठेवा. हरायला लागल्यावर मालक दयाळू करायचा नाही.

कुडाळचो_गोलकीपर

ह्यो सगळो हिशोब ठीक आसा, पण माका सांगा, कप्तान काय फक्त हरलो म्हणान बदलतत? आमच्या वाडीत शिमग्याच्या टूर्नामेंटीक कप्तान बदललो तो मुंबयच्या मंडळान जर्सीचे पैशे दिले म्हणान. बिचारो आदल्या वर्साक कप घेवन इल्लो!

तुमच्या नियमात मालक खंय आसा? गेममधी क्लब विकलो गेलो, नवीन मालक इलो, की टेबल बघू नको. गपचूप कवड्यो टाक. दोन उताण्यो पडल्यो तरी घराक.

डोंबिवलीचा_चाकरमानी

मी आउट ऑफ द पार्क बेसबॉल खेळतो. तिथे आपल्याला काढूच नये असा पर्याय आहे. तो मी लावून ठेवतो आणि हकालपट्टी स्वतः करतो. ऐकायला उलटं वाटेल, पण गेमचा मालक आणि माझा नियम असे दोन मालक झाले की दोघांचाही धाक राहत नाही.

तपासणी किती वेळा हे खेळावर ठरवा. मेजर लीगमध्ये १६२ सामने असतात, नशीब बरंचसं सपाट होतं, म्हणून मी वर्षातून एकदाच ऑक्टोबरात बघतो. तुमच्या चॅम्पियनशिपमध्ये ४६. कोणी आयपीएलचा गेम खेळत असेल तर साखळीत जेमतेम १४ सामने, तिथे एका वर्षावर कोणाला काढू नका, दोन वर्षं धरा.

आणि लेफ्ट बॅकचं म्हणाल तर खरा नियम हकालपट्टीनंतरचा. माझे दोन: ज्या क्लबने काढलं तिथे परत नाही, आणि जुन्या क्लबचा एकही खेळाडू दोन सीझन विकत घ्यायचा नाही. दुसरा नियम नसेल तर काय होतं माहीत आहे? माणूस नव्या नोकरीवर पहिल्याच दिवशी जुनं घर उचलून नेतो. आणि पहिली जी ऑफर येईल ती घ्यायची, मग ती दोन पायऱ्या खालची असो. मोठ्या क्लबची वाट बघत बसणं म्हणजे शिक्षा कसली, सुट्टी.

हर्णैचा_कोच

दोन सीझन! पोरगं तोवर अठराचं होईल. बरं, मान्य.

कवडीचुंबक, तुमच्या नियमात एक भोक आहे. मला मीडियाने २२वा धरलाय. लीगमध्ये २४ संघ. सहा जागा खाली जाऊ कुठे, समुद्रात?

कवडीचुंबक

बरोबर पकडलंत. मी नेहमी वरच्या संघांबरोबर खेळतो, तळाचा विचार केला नव्हता. मग असं करा: अंदाज शेवटच्या सहात असेल तर जागांचा फरक सोडा. नोव्हेंबर आणि मार्चला शेवटच्या तिनात (रेलिगेट होणाऱ्या जागांत) असाल तर कवड्या. आणि सुरक्षित जागेपासून सहाहून जास्त गुण मागे असाल तर तीन उताण्यांवर निकाल. गुण बघा, कारण तळाला एका विजयात चार जागा वर जाता येतं आणि त्याला काही अर्थ नसतो.

कुडाळचो_गोलकीपर

आणि सेव्ह परत लोड करूचो नाय. ह्यो नियम कोणी लिवलोच नाय, सगळे साळसूद!

हर्णैचा_कोच

लोड करायचं नाही हेही कागदावर चढवलं, आणि कागद फ्रीजवर लावलाय. आईने वाचून विचारलं, तुला कामावरून काढतायत का रे.

नोव्हेंबर झाला. आम्ही २३वे, चार गुण मागे. म्हणजे चार उताण्या पडल्या तरच जायचं. घरातला सारीपाट काढला तर डब्यात धड कवड्या तीनच निघाल्या, चौथी फुटलेली. चालेल का?

डोंबिवलीचा_चाकरमानी

चौथीच्या जागी नाणं टाका. फुटकी राहू दे बाजूला, काढलं तर नुकसानभरपाई म्हणून कामाला येईल.