रि: ब्रेंटफर्ड म्हणजे सॉकरमधले ओकलंड ए'जच ना?

पाठवणार: ट्रेसीकर

नमस्कार मंडळी,

कोजागिरीच्या रात्री काकांशी वाद अर्धवट राहिला, मसाला दूध आलं आणि विषय बदलला, म्हणून इथे लिहितोय. काका म्हणतात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या सॉकर लीगमधल्या, ब्रेंटफर्डसारखा पैसा वापरणारा शहाणा क्लब दुसरा नाही. मी घरी येऊन जरा वाचलं. वॉटकिन्स विकला, टोनी विकला, आणि २०२५ च्या एका समरमध्ये एम्ब्युमो मँचेस्टर युनायटेडला, विसा न्यूकॅसलला, कॅप्टन नॉरगार्ड आर्सेनलला, वर कोच थॉमस फ्रँक टॉटनमला. अहो हे तर आपण ओकलंडमध्ये, ए'ज या आपल्या बेसबॉल टीमचं, कायम बघत आलो. गियाम्बी गेला, ओल्सन गेला, चॅपमन गेला आणि शेवटी टीमच शहर सोडून गेली. तिकडे केलं की हुशारी आणि इकडे केलं की कंजूषपणा, हे कसं काय? माझे बाबा म्हणायचे दात कोरून पोट भरत नाही, मला दोन्हीकडे तेच दिसतं.

---

पाठवणार: हाउन्स्लोकर (आता फ्रीमाँट)

अरे, बरं झालं लिहिलंस. त्या दिवशी नीट बोलता आलं नाही, आता सविस्तर लिहितो, लांबेल.

आम्ही हाउन्स्लोला राहायचो तेव्हा ब्रेंटफर्ड चौथ्या पातळीवर खेळत होता, म्हणजे लीग टू. ग्रिफिन पार्कच्या चार कोपऱ्यांवर चार पब, हीथ्रोची विमानं डोक्यावरून, आणि स्टँडच्या छपरावर विमानातल्या लोकांना दिसावी म्हणून रंगवलेली जाहिरात. २००६ मध्ये क्लब बीझ युनायटेड नावाच्या फॅन्सच्या ट्रस्टच्या हातात आला, कारण दुसरं कोणी घ्यायला नव्हतं आणि कर्ज डोक्यावर होतं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे असायचे, ते मला सांगायचे की हा क्लब १९४७ नंतर वरच्या डिव्हिजनला गेलाच नाही, माझ्या हयातीत जाईल असं वाटत नाही. मॅथ्यू बेनम हा माणूस लहानपणापासूनचा ब्रेंटफर्डचा फॅन, आकड्यांवरून बेटिंग करून पैसा कमावलेला, त्याने आधी कर्ज दिलं आणि २०१२ मध्ये क्लब ताब्यात घेतला.

आता तुझा मुद्दा, की दोघंही चांगले खेळाडू विकतात. हो, विकतात. पण पहिला फरक हा की सॉकरमध्ये खेळाडू विकला की रोख पैसे येतात. वॉटकिन्स २०१७ मध्ये एक्सेटरकडून १८ लाख पाउंडांच्या आसपास घेतला आणि २०२० मध्ये व्हिलाला २८ मिलियनला दिला. एम्ब्युमो २०१९ मध्ये फ्रान्समधल्या ट्र्वा क्लबकडून सहा मिलियनच्या आतबाहेर घेतला आणि २०२५ मध्ये ६५ मिलियन अधिक बोनसला गेला. बेसबॉलमध्ये असं नाही. २००१ नंतर गियाम्बी यँकीजकडे १२० मिलियन डॉलर्सवर गेला, ते पैसे गियाम्बीला मिळाले, ओकलंडला फक्त ड्राफ्टमधले, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे, जास्तीचे पिक्स. म्हणजे ए'जची टीम बांधणाऱ्या बिली बीनसमोर ब्रेंटफर्डचा रस्ता मुळात नव्हताच, आणि तरी २००२ मध्ये त्याच्या टीमने सुमारे ४० मिलियनच्या पगारात १०३ मॅचेस जिंकल्या, यँकीजनी सव्वाशे मिलियन घालून तेवढ्याच. त्या सलग २० विजयांचं मला आजही कौतुक आहे, ती खरी काटकसर होती आणि मी तिला कधी नावं ठेवणार नाही.

माझं म्हणणं नंतरच्या वर्षांबद्दल आहे. वाचवलेला पैसा गेला कुठे, हे विचारायला पाहिजे. आमच्या आईने घरखर्चातून वाचवलं तर ते आमच्या फीला जायचं, तिला कोणी चिकट म्हटलं नाही. ब्रेंटफर्डचे पैसे पुन्हा खेळाडूंमध्ये गेले. टोनीला पीटरबरोकडून घेतला तो वॉटकिन्स जायच्या सुमारासच. १७,२५० सीटांचं नवं स्टेडियम २०२० मध्ये क्यू ब्रिजजवळ, जुन्या जागेपासून चालत जाता येईल इतकं जवळ उभं राहिलं, त्यात शेजारी फ्लॅट बांधून त्याचाही पैसा लावला. आणि एक छोटी गोष्ट जी मला फार आवडते, २०२१-२२ चा होम शर्ट त्यांनी पुढच्या सीझनलाही तोच ठेवला, आईबापांना दरवर्षी नवा घ्यायला लागू नये म्हणून. दुकानातली कमाई सोडली त्यांनी त्यासाठी.

चुकाही केल्या रे. २०१५ मध्ये कोच वॉरबर्टनची टीम वरच्या लीगला जायच्या प्लेऑफच्या शर्यतीत असताना फेब्रुवारीतच जाहीर झालं की तो सीझन संपल्यावर जाणार, आणि त्याच्या जागी आणलेला कोच नऊ मॅचेसमध्ये घरी. फ्रँक आला तेव्हा पहिल्या दहापैकी आठ हरला. तेव्हा दुसऱ्या कोणी काढला असता, यांनी आकडे बघितले, टीम खेळतेय बरी पण गोल होत नाहीत, ठेवा म्हणाले. २०२० ची प्लेऑफ फायनल फुलमकडे हरले, वॉटकिन्स आणि बेनरहमा दोघेही गेले, आणि पुढच्याच वर्षी स्वान्सीला २-० हरवून वर प्रीमियर लीगला गेले. आधी नऊ वेळा प्लेऑफमध्ये हरलेला क्लब. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्याच मॅचला आर्सेनलला २-० हरवलं, इथे दुपार होती, मी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेतली होती आणि ते म्हातारे गृहस्थ असतील का अजून हेच मनात येत होतं.

आता ओकलंड. मी इथे आल्यापासून बार्ट ट्रेनने ए'जच्या कोलिसियम स्टेडियमला जायचो, त्या पुलावरून चालत, उजव्या बाजूच्या ब्लीचर्समध्ये ढोल वाजायचे, आपल्या गणपतीची आठवण यायची. लोक म्हणतात ओकलंड गरीब मार्केट. ते खोटं आहे. १९९० मध्ये हास कुटुंब मालक असताना २९ लाख लोक आले होते आणि टीम सगळ्यात जास्त पगार देणाऱ्यांमध्ये होती. तेच शहर, तेच स्टेडियम. २०२३ मध्ये पगार लीगमध्ये सगळ्यात कमी, ५० जिंकल्या, ११२ हरल्या. आणि याची शिक्षा काय? काही नाही. बेसबॉलमध्ये प्रत्येक टीमच्या स्थानिक कमाईचा जवळपास अर्धा भाग एकत्र करून सगळ्यांना सारखा वाटतात, टीव्हीचा नॅशनल पैसा वेगळा, त्यामुळे शंभराच्यावर हरलं तरी चेक येतो, टीमची किंमत वाढत राहते. ब्रेंटफर्डने तसं केलं तर खालच्या लीगमध्ये ढकलला जातो, आणि प्रीमियर लीगमध्ये शेवटचा नंबर आला तरी शंभर मिलियन पाउंडांच्यावर मिळतात, त्यातला मोठा भाग एका वर्षात जातो. हा धाक आहे म्हणून बेनमला वाचवलेला प्रत्येक पाउंड पुन्हा शेतात पेरावा लागतो. हे मी त्याच्या चांगुलपणाबद्दल म्हणत नाहीये, रचनेबद्दल म्हणतोय.

१३ जून २०२३ च्या रिव्हर्स बॉयकॉटला, म्हणजे टीम हलवण्याच्या निषेधात फॅन्सनी मुद्दाम स्टेडियम भरलं त्या मॅचला, मी मुलीला घेऊन गेलो होतो. २७,७५९ लोक, हिरवे टीशर्ट, त्यावर 'सेल', म्हणजे मालका, टीम विकून टाक, आणि टीमने टॅम्पाला २-१ हरवलं. मुलीने विचारलं एवढे लोक आहेत तर टीम का चाललीय. मला उत्तर देता आलं नाही.

---

पाठवणार: जायंट्सवाली

काका, वाचून डोळ्यात पाणी आलं, पण मी सहमत नाही आणि ते लिहायलाच हवं.

तुम्ही धाक म्हणता. तो धाक मालकाला असतो तेवढाच तिथे किचनमध्ये काम करणाऱ्या बाईला आणि तिकीट ऑफिसातल्या मुलाला असतो, टीम खाली गेली की आधी त्यांची नोकरी जाते. आणि धाकामुळे सगळे काटकसर करतात असंही नाही, उलट वर राहायला म्हणून जमीन-घर गहाण ठेवल्यासारखं कर्ज काढतात. इंग्लंडमधला बरी हा १८८५ चा क्लब, २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकला कारण पैसेच नव्हते. ब्रेंटफर्ड हा वाचलेला एक आहे म्हणून आपण त्याची गोष्ट सांगतो.

दुसरं, १९९२ पासून प्रीमियर लीग फक्त सात क्लबांनी जिंकलीय. ब्रेंटफर्डने कितीही शहाणपण केलं तरी त्याचा कळस म्हणजे काय, नववा-दहावा नंबर आणि चांगले खेळाडू मोठ्यांना पुरवणं. इकडे कॅन्सस सिटीसारख्या गावाने २०१५ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, जिंकली. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराला मर्यादा आहे, शेवटच्या टीमला ड्राफ्टमध्ये पहिला नंबर, आणि ग्रीन बे, लाखभर वस्तीचं गाव, लोकांच्या मालकीची टीम, कोणाला डिव्हिडंड नाही, विकून दुसऱ्या गावी नेता येत नाही. त्यांचं कौतुक का नाही? वाटून खाण्यात वाईट काय आहे? आपल्याकडे पंक्तीत सगळ्यांना सारखं वाढतात ना.

---

पाठवणार: हाउन्स्लोकर

ताई, बरीबद्दल तू म्हणतेस ते मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. नोकऱ्यांचंही खरं आहे, मी तो विचार केला नव्हता. ग्रीन बेचं कौतुक मला आहेच, मला तर वाटतं ओकलंडला तेच मिळायला हवं होतं, पण नंतर तशी मालकी एनएफएलनेसुद्धा दुसऱ्या कोणाला करू दिली नाही.

पंक्तीचं पण ऐक. पंक्तीत सारखं वाढतात हे बरोबर, पण पंक्तीत बसायला जागा तरी मिळायला हवी. विम्बल्डनचा क्लब २००३ मध्ये मिल्टन कीन्सला हलवला, अगदी ए'जसारखंच, लोकांनी कितीही विरोध केला तरी. त्याआधीच २००२ मध्ये फॅन्सनी नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन, नवव्या पातळीवरून सुरुवात, मैदानावर ट्रायल घेऊन खेळाडू निवडले. २०११ मध्ये लीगमध्ये आले, २०२० मध्ये जुन्या गल्लीत प्लाउ लेनला परत गेले, आणि मे २०२५ मध्ये प्लेऑफ जिंकून लीग वनला आले. प्रीमियर लीगच्या दोन पायऱ्या खाली.

इकडे ओकलंडच्या लोकांनीही तेच केलं. बॉलर्स ही नवी बेसबॉल टीम, २०२४ ला सुरू, वेस्ट ओकलंडच्या रायमंडी पार्कमध्ये, आपल्यासारख्या सामान्य फॅन्सनी त्यात शेअर घेतले, मीही थोडे घेतलेत. २०२५ मध्ये दुसऱ्याच सीझनला पायोनियर लीग ही छोटी लीग जिंकली. आता पुढे काय? काही नाही. दरवर्षी जिंकले तरी पायोनियर लीगच. तिथून ए'ज खेळतात त्या मेजर लीगला जायला जिनाच नाही, आणि ए'ज सॅक्रामेंटोला मायनर लीगच्या पार्कमध्ये खेळत वेगासच्या स्टेडियमची वाट बघतायत, नेवाडाने त्याला ३८० मिलियन डॉलर्सपर्यंत पब्लिकचे पैसे मंजूर केलेत. माझ्या मुलीने रायमंडी पार्कमध्ये विचारलं की बॉलर्स ए'जशी कधी खेळणार.

---

पाठवणार: ट्रेसीकर

काका, मी बॉलर्सचं हे असं बघितलं नव्हतं. पुढच्या जूनला रायमंडी पार्कला मंडळाकडून ग्रुप तिकीट काढूया का? मी फोन करून विचारतो किती लोकांना डिस्काउंट मिळतो. आणि शनिवारी सकाळी सातची ब्रेंटफर्डची मॅच तुमच्याकडेच आहे ना, पोहे मी आणतो.