जुने मोजे: दोन सुयांचे की एका सुईचे?

प्रश्न: इजिप्तमधले ४थ्या-५व्या शतकातले लोकरी मोजे, ज्यांत अंगठा वेगळा आहे, थेट सुयांवर विणल्यासारखे दिसतात. म्हणजे सुयांवरचं विणकाम तितकं जुनं आहे का?

उत्तर १: नाही, ते नालबाइंडिंग, म्हणजे सुईने टाके एकमेकांत गुंफायची वेगळी पद्धत आहे. नेढ्याची एकच सुई असते आणि प्रत्येक टाक्यातून अख्खा दोरा ओढावा लागतो, म्हणून दोरा आखूड तुकड्यांत घेतात. पीळ दिलेल्या सुलट टाक्यांसारखं दिसतं, तिथेच फसगत होते.

उत्तर २: भिंगातून दोऱ्याचे जोड शोधा, ते वारंवार दिसतील. विणकामात टाका सुटला की खालचे टाकेही उसवत जाऊन शिडी पडते, नालबाइंडिंगमध्ये नाही. जुना तुकडा ओढून मात्र कृपया पाहू नका!

उत्तर ३: खरे विणलेले निळे-पांढरे सुती मोजेही इजिप्तचेच, पण शतकांनंतरचे. इंग्लंडच्या विल्यम लीचं मोजे विणायचं यंत्र तर १५८९ चं.