रेगेत गायलं की गाण्यातलं दुःख पातळ होतं का?

खर्जातला:
परवा गाडीत यूबी४० या ब्रिटिश बँडचं 'रेड रेड वाइन' लागलं. शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "नील डायमंडच्या गाण्याची यांनी पार वाट लावली." मला ते पटलं नाही, म्हणून हा धागा.

डायमंड हा अमेरिकन गायक-गीतकार. त्याचं मूळ गाणं १९६७चं, संथ आणि एकाकी. १९६९मध्ये टोनी ट्राइब या जमैकन गायकाने ते रेगेत, म्हणजे जमैकाच्या खास ठेक्याच्या संगीतशैलीत गायलं. यूबी४०ची बर्मिंगहॅमची पोरं तेच ऐकत मोठी झाली. रेकॉर्डवर गीतकार म्हणून नुसतं 'एन. डायमंड' छापलेलं, त्यामुळे तो कुणी जमैकन असेल असंच त्यांना वाटत होतं! १९८३चा 'लेबर ऑफ लव्ह' हा अख्खा अल्बम म्हणजे लहानपणी ऐकलेल्या रेगे गाण्यांना केलेला सलाम आहे. ज्या गाण्यावर जीव जडला तेच त्यांनी गायलं, यात वाट कसली लागली?

पाऊसवेडी:
हेतू चांगला होता, मान्य. पण कानाला हेतू ऐकू येत नाही. एल्व्हिसचं १९६१चं 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह' ऐका. माणूस अडखळत, जपून प्रेमाची कबुली देतोय. यूबी४०च्या १९९३च्या आवृत्तीत तो संकोच कुठे आहे? ठेका पहिल्यापासून खुशीत. पुढच्याच वर्षी बिग माउंटन या रेगे बँडने पीटर फ्रॅम्प्टनच्या 'बेबी, आय लव्ह युवर वे'चंही तेच केलं. कुठलंही गाणं द्या, बाहेर येताना त्याचं तापमान एकच.

तिसरी मात्रा:
हा दोष त्या दोन रेकॉर्डिंगांचा आहे, रेगेचा नाही. आपला कान समेवर ठोका शोधतो. रेगेच्या 'वन ड्रॉप' नावाच्या ठेक्यात पहिली मात्रा रिकामी सोडतात, ड्रमचा भार तिसरीवर आणि गिटारचे काप दुसरी-चौथीवर. जिथे आधार हवा तिथेच पोकळी. विरहाला याहून चांगली जागा कुठली?

जमैकन गायक केन बूथचं 'एव्हरीथिंग आय ओन' ऐका. मूळ गाणं ब्रेड या अमेरिकन बँडचं, १९७२चं. त्यांच्या डेव्हिड गेट्सने वारलेल्या वडिलांसाठी लिहिलेलं. बूथने १९७४मध्ये ते गायलं आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. गाताना तो 'एव्हरीथिंग'च्या जागी 'एनीथिंग' म्हणतो. 'माझं सगळं देईन'चं 'माझ्याकडचं काहीही देईन' झालं. मला ते जास्त अगतिक वाटतं. १९८७ला बॉय जॉर्जने हेच गाणं रेगेतच गायलं, बूथच्या वळणाने, आणि तेही ब्रिटनमध्ये पहिलं आलं.

पाऊसवेडी:
बूथ आत्ताच ऐकला. आवाज काळजात जातो, वाद नाही. पण मग श्रेय त्या आवाजाचं. तो नुसत्या पेटीवर गायला असता तरी रडवलं असतं.

घाटमाथा:
आवाज आणि ठेका असे वेगळे काढता येत नाहीत हो. टूट्स अँड द मेटल्स या जमैकन बँडचं 'कंट्री रोड्स' घ्या. जॉन डेन्व्हरचं वेस्ट व्हर्जिनिया तिथे 'वेस्ट जमैका' होतं, आणि अमेरिकेतल्या डोंगराची ओढ एका बेटावरच्या माणसाची होते. ब्रिटनला गेलेल्या जमैकन माणसांना ते कसं ऐकू आलं असेल, याचा विचार करा. घर सोडून दुसऱ्या देशात राहणाऱ्या माझ्यासारख्याला तर डेन्व्हरपेक्षा टूट्सच जवळचा वाटतो.

खर्जातला:
आणि उलटा प्रवास झाला, म्हणजे जमैकन गाणं बाहेरच्यांनी गायलं, की तक्रार का होत नाही? ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९७४मध्ये जमैकाच्या बॉब मार्लीचं 'आय शॉट द शेरीफ' गायलं आणि ते अमेरिकेत पहिलं आलं. खुद्द मार्लीने गायलेलं कुठलंही गाणं तिथे पहिल्या क्रमांकावर कधी पोचलं नाही. ब्लाँडी या अमेरिकन बँडचं 'द टाइड इज हाय' मुळात जॉन होल्टचं, पॅरागॉन्स या जमैकन गटाने १९६७मध्ये गायलेलं, हे किती जणांना माहीत आहे?

पाऊसवेडी:
माझी तीही तक्रार आहे! क्लॅप्टनच्या गाण्यात मार्लीच्या आवाजातली धग नाही. मी रेगेच्या विरोधात नाही, गुळगुळीत करण्याच्या विरोधात आहे, मग ते कुणीही करो. टूट्स आज रात्री ऐकते. पण एल्व्हिसच्या त्या गाण्याला मात्र कुणी हात लावायला नको होता, यावर मी ठाम आहे.